सनाचा रिटेनर

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. गप्प राहूनही माणूस दमतं, हे मला पूर्वी माहीत नव्हतं. आता दमलेय. म्हणून बोलतेय, एवढंच.

माझी मुलगी सना. आम्ही महाडचे. नवरा कतारला गाडी चालवतो, वर्षाआड येतो. घरी मी, सना आणि सासूबाई. सनाचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले. शाळेत पोरं चिडवायची, फोटोत ती ओठ घट्ट मिटून उभी राहायची. नववीत तारा बसवल्या. दहावी झाल्यावर त्या निघाल्या, त्या दिवशी पोरगी बाजारातून घरी येईपर्यंत प्रत्येक दुकानाच्या काचेत स्वतःचे दात बघत आली.

मग रिटेनर. दात परत सरकू नयेत म्हणून झोपताना दातांवर बसवायचा पातळ, पारदर्शक साचा. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं — रोज लावायचा, थंड पाण्याने मऊ ब्रशने धुवायचा, डबीत ठेवायचा, गरम पाणी अजिबात नाही. मी मान हलवली. ऐकलं नव्हतं असं म्हणू का? नाही. ऐकलं होतं.

सनाने तो जपला. पोलादपूरला माझ्या माहेरी जायचं झालं, की पिशवीत आधी डबी, मग कपडे.

त्या पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी यायला लागलं. गल्लीत कावीळ. मी भित्री बाई — जे दिसेल ते उकळायला लागले. पाणी, चमचे, पेले. सासूबाईंची कवळीसुद्धा मागितली, त्यांनी दिली नाही. सना कॉलेजला गेलेली असताना मी तिची डबी उघडली आणि रिटेनर उकळत्या पातेल्यात टाकला. डॉक्टरांचं बोलणं त्या क्षणी आठवलं का? आठवलं. पण कावीळ डोक्यात होती, आणि वाटलं — एकदाच तर.

चमच्याने बाहेर काढला तेव्हा एका बाजूने आत वळला होता. जरासा. मी बोटांनी ताणला, दाबला, खिडकीत धरून पाहिला. बरा वाटला. की मला तो बरा वाटायला हवा होता? पुसून डबीत ठेवून दिला.

झोपताना सना म्हणाली, "अम्मी, हा बसत नाय गो."

"नीट दाब. बसेल."

तिने दाबला. रोज दाबत राहिली. सकाळी उशीवर रक्ताचा डाग दिसायचा. मी अभ्रा धुवायचे, बोलायचे नाही. हिरडी सुजली तेव्हा तिने लावायचं थांबवलं. तरी मी दवाखान्याचं आज-उद्या करत राहिले. नेलं तोवर दात सरकले होते.

डॉक्टरांनी साचा लावून पाहिला, काढला. "गरम पाण्यात घातला होता का?"

"नाय सर," सना लगेच म्हणाली. तिला काय माहीत? मी — मी भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत होते.

"मग लावलाच नसणार." ते माझ्याकडे वळले. "तुम्ही खरं सांगा. रोज लावते का ही?"

आणि मी म्हणाले, "कंटाळा करते अधूनमधून."

हे ते. एवढंच वाक्य.

सनाने माझ्याकडे पाहिलं. रडली नाही, भांडली नाही. फक्त पाहिलं — काहीतरी चुकून ऐकू आलं असावं, तसं.

घरी आल्यावर नवऱ्याचा व्हिडिओ कॉल. त्यालाही मी तेच सांगितलं. तो सनाला म्हणाला, "एवढी एक चीज संभाळता आली नाय तुला?"

"अब्बा, मी रोज लावत होते."

"मग अम्मी काय खोटं बोलते?"

फोन माझ्याच हातात होता. मी तो तिच्या तोंडासमोर धरून उभी होते. नवऱ्याने सांगितलं, नवा करायचा नाही, तोही असाच टाकून देशील. नवा झाला नाही. दात हळूहळू पुन्हा एकमेकांवर आले.

का केलं? घरात सगळ्यांना शिस्त लावणारी मी, म्हणून? नवरा दरवेळी म्हणायचा, तू आहेस म्हणून मला तिथे घोर नाय, म्हणून? पुष्कळ कारणं लावून पाहिली. एकही टिकत नाही. त्याच दिवशी सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशीही. नंतरच्या कुठल्याही दिवशी.

सुरुवातीला ती म्हणायची, "मी लावत होते, अम्मी." मग म्हणेनाशी झाली. मला बरं वाटलं. हो — बरं वाटलं.

आता सना पनवेलला फार्मसी शिकते. या ईदला आली होती. माझ्या नणंदेच्या मुलीच्या तारा नुकत्याच निघाल्यात. सना तिला शेजारी बसवून समजावत होती, "रोज लाव गो. मी कंटाळा केला, बघ माझे कसे झालेत." म्हणाली आणि हसली, तोंडावर हात ठेवून.

तिला खरंच तसं आठवतं. माझ्यावर टोमणा नव्हता तो. मी तिचा चेहरा नीट पाहिला. मी शिरखुर्मा वाढत होते. तिची वाटी भरली, तिच्या हातात दिली.

"अम्मी, तू पण बस ना," ती म्हणाली. सरकून तिने माझ्यासाठी जागा केली.

मी बसले.