एक जूनची माणसं

"साहेब, एक जूनला जन्मलेली सोळा नावं आलीत आणि जागा एकाचीच आहे," मी म्हणाले.

संपादकांनी मान वर केली नाही. "मुरुमच्या विश्वनाथ गुरुजींना घ्या. मी शब्द दिलाय."

मी धाराशिवच्या एका छोट्या दैनिकात डेस्कवर आहे. डेस्क म्हणजे बातमी नीट करून पानात बसवणारी मंडळी. माझ्याकडं रोजचा दिनविशेषाचा बॉक्स: आज कोण जन्मलं, कोण गेलं, काय घडलं. शेवटच्या ओळीत जिल्ह्यातलं एक माणूस. वर्षभर ते माणूस शोधता शोधता जीव जातो आणि एक जूनला नुसती झुंबड. कारण जुन्या पिढीत आमच्याकडं निम्म्या गावाचा जन्म कागदावर एक जूनचा. आईबापाला तारीख सांगता आली नाही, की शाळेत नाव घालताना तिथले गुरुजी तीच टाकायचे. जूनमध्ये शाळा सुरू, वय बरोबर बसतं, भानगड मिटली.

गुरुजींना पंचाऐंशी पूर्ण होणार म्हणून जुन्या विद्यार्थ्यांनी दुसऱ्या दिवशी मुरुमला सत्कार ठेवला होता. स्टेजवरून आमचा अंक वाचून दाखवायचा बेत होता. मी खात्री करायला गुरुजींना फोन लावला.

"छापू नका, बाई. ती तारीख माझी न्हाय."

"दाखल्यावर तर तीच आहे."

"दाखल्यावर असंल. लई पोरांच्या दाखल्यावर मीच लिहिली ती. त्यांना खोटा दिवस दिला, आन् आता त्याच दिवसाचा हार गळ्यात घालून घेऊ व्हय?"

पान सोडायला, म्हणजे छापायला पाठवायला, तीन तास होते. मी वैतागलेच. म्हाताऱ्याला आजच हरिश्चंद्र व्हायचं सुचलं का, असं मनात आलं, खोटं कशाला सांगू. जरा तोऱ्यातच विचारलं, "मग त्या पोरांचे खरे दिवस आता कुणाला ठाऊक, गुरुजी?"

"माझ्याकडं लिहिल्यात की."

नाव घालायला आलेल्या आईला तारीख माहीत नसायची, पण ती काहीबाही सांगायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. विहिरीला पाणी लागलं त्या आठवड्यात. रजिस्टरला असलं चालत नाही. म्हणून गुरुजी रजिस्टरात एक जून लिहायचे आणि आईचं बोलणं जसंच्या तसं घरच्या वहीत. मग जुनी पंचांगं काढून तारीख लावत बसायचे. निवृत्तीनंतरही हेच. ना कुणी सांगितलं होतं, ना कुणी कधी विचारलं.

गुरुजींच्या सुनेनं वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. अक्षर ठसठशीत, कुठं खाडाखोड नाही. इतकं नेटकं काम मी आमच्या धंद्यात पाहिलेलं नाही. मला गुरुजींचा फार अभिमान वाटला आणि मघाच्या तोऱ्याची लाज वाटली.

पुन्हा फोन केला. "गुरुजी, यात तुमचं पान कुठंय?"

"माझं न्हाय. मी रांगत हुतो तवाच आई गेली. दुसऱ्या कुणाला सांगता येईना."

मी मोबाईल साहेबांसमोर धरला. ते बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "बॉक्स वाढवा. सत्कारवाल्यांशी मी बोलतो."

आम्ही छापलं: विश्वनाथ गुरुजी, जन्मतारीख माहीत नाही. खाली वहीची हकिकत, आणि ज्यांना आपला खरा दिवस हवा त्यांनी गुरुजींना भेटावं, एवढंच.

सत्काराला साहेबांनी मलाच पाठवलं. भाषणं कुणी ऐकलीच नाहीत. स्टेजसमोर रांग लागली होती आणि गुरुजी चष्मा सावरत एकेकाचं पान काढत होते. पासष्टीची एक बाई पुढं आली, रुक्मिणबाई. तिचा जन्म येळवशीचा निघाला. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं सगळं गाव रानात जेवायला जातं. गुरुजींनी तिच्या आईचे शब्द वाचले: "कळा सुरू झाल्या, तरी सगळ्यास्नी आंबील वाढली, मगच घरला आले."

बाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आईचा फोटोबी न्हाय माझ्याकडं. अजून एकदा वाचा, गुरुजी."

त्यांनी वाचलं. मग तिनं तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मागं रांग खोळंबली होती, पण कुणी कुरकुरलं नाही.

'माहीत नाही' असं छापायला आमच्या धंद्यात कमीपणा वाटतो. त्या अंकावर मात्र चूक दाखवणारा एकही फोन आला नाही. गुरुजींचा पत्ता विचारणारे अजून येतात.