मुकुटबनच्या विहिरीचं पाणी अन् दादाची बिअर

माह्या मामाचा पोरगा, म्हणजे माहा दादा, पुण्यात एका बिअर बनवणाऱ्या हाटेलात कामाले होता. हाटेल बंद पडलं. दादा एक लॅपटॉप, दोन प्लास्टिकचे ड्रम अन् माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचं, एक पोतं घेऊन मुकुटबनले परत आला. नागपूरचा एक हाटेलवाला त्याले म्हणाला होता, तुह्या हातची बिअर पाजून दाखव, मंग नोकरीचं पाहू. दादाची नोकरी त्या पोत्यात होती म्हणा ना. मी तवा बारावीत आपटून रिकामाच होतो, तं मदतीले मामाकडं गेलो.

त्या साली कापसाले भावच नव्हता. मामानं सारा कापूस समोरच्या खोलीत छतापर्यंत भरून ठेवलता. दादानं ड्रम त्याच कापसात गळ्यापर्यंत पुरले. बाहेर थंडी किती का पडेना, बिअर आतमधी एकसारखी कोमट राहते म्हणे. मामा येता-जाता पाहे अन् म्हणे, चला, कोणाले तरी कामी पडला आपला कापूस.

पहिली बिअर अशी तुरट झाली का रानातलं कच्चं टेंभरू फळ चावल्यावानी जीभ टाळूले चिकटली. दुसरीही तशीच.

दादाच्या लॅपटॉपात पाण्याचं एक सॉफ्टवेअर होतं. आपल्या पाण्यात कॅल्शियम किती, क्षार किती, ते आकडे टाकायचे. कोणती बिअर पाहिजे ते सांगायचं. मंग ते सांगे, जिप्सम इतके ग्रॅम टाक, हे इतकं टाक. आकड्यांसाठी दादानं आधीच वणीच्या लॅबमधून पाणी तपासून आणलं होतं.

मी त्या सॉफ्टवेअरची नक्कल करो, आमच्या गणिताच्या सरांच्या आवाजात. "क्षार कमी आहे. उभा राह्य. जिप्सम आणलं का? घरी विसरला? मंग तूही घरीच राह्याचं होतं." दादाचं तोंड कितीही उतरलेलं असो, याच्यावर तो हसेच. मामाले तं जिप्सम भुईमुगाचं खत म्हणून ठाऊक. तो म्हणे, टाक बापा टाक, शेंगा लागतात का पाहू.

पण पोत्यात आता एकाच खेपेपुरतं माल्ट उरलं, अन् हाटेलवाल्याचा फोन आला का संक्रांत झाली का येतो. दादाचं हसणं बंद झालं. सॉफ्टवेअर सांगते तसंच करून राह्यलो, तरी काहून बिघडते, हे त्याले समजेना. एक दिवस जेवताना तो म्हणाला, पाणी एकडाव पुन्हा तपासून आणतो.

मामी भाकर थापत होती. म्हणाली, "ने ना. या बारीले आणखी चांगलं भरून देईन."

दादाचा घास हातातच राह्यला. "आणखी चांगलं म्हंजे?"

"मंग का आपल्या विहिरीचं खारं पाणी द्याव त्या वणीच्या साहेबाले? तो पिऊन पाहीन, अन् म्हणीन कोणत्या घरचं आहे हे. मी कॅनमधलं भरलं होतं, पाहुण्याले देतो ते."

आमच्याकडं घरचे विहिरीचं पितात, अन् पाहुणा आला का चौकातल्या फिल्टरचं कॅन उघडते. तपासलं गेलं पाहुण्याचं पाणी, अन् बिअर शिजत होती घरच्या पाण्यात. तेच्यात चुना इतका का पाणी तापवाच्या गंजाले, म्हणजे पातेल्याले, आतून पांढरी खपली धरे. वरतून कॅनच्या पाण्याचे आकडे धरून आम्ही जिप्सम ओतून राह्यलो होतो.

दादा भिंतीले टेकून हसाले लागला. डोळ्यात पाणी येईपर्यंत हसला. मामीले राग आला. चांगलं पाणी दिलं तं हसून काय राह्यला, म्हणे.

"तुहं काई चुकलं नाई, आई," दादा म्हणाला. "आता मलेच पाहुणा समज, अन् तेच पाणी दे."

तिसरी खेप कॅनच्या पाण्यात शिजली. सॉफ्टवेअरचे आकडे तेच ठेवले.

हाटेलवाला आला, कापसाच्या खोलीत खुर्चीवर बसला. ग्लास उजेडात धरला, वास घेतला, घोट तोंडात फिरवला. त्याची नक्कल करू म्हणून मी पाहत होतो, पण त्या ग्लासाकडंच पाहत राह्यलो. त्यानं ग्लास रिकामा केला अन् तसाच पुढं धरला. दादानं घाईनं ओतलं, फेस हाटेलवाल्याच्या बुटावर सांडला. त्यानं बुटाकडं पाहिलंही नाही.

"एक तारखेपासून येता का?"

दादा खाली वाकून बुटावरचा फेस पुसाले लागला.

"येते तो," मामी दारातून म्हणाली. "पण तुमी आता जेवूनच जा."