‘आपण’ म्हणजे कोण?

नववीच्या वर्गात मी पेपरात आलेलं एका पुढाऱ्याचं युद्धावरचं भाषण वाचून दाखवलं. ‘आपण शेवटच्या श्वासापर्यंत लढू!’ या वाक्याला पोरांनी बाकं वाजवली.

मी म्हटलं, “आता यातलं सर्वनाम काढा आणि तिथं नाम घाला.”

कुणी ‘जनता’ घातलं, कुणी ‘देश’. सुजाताचा भाऊ फौजेत आहे. तिनं उभं राहून वाचलं, “माझा दादा शेवटच्या श्वासापर्यंत लढेल.”

क्रियापदही तिनं न चुकता बदललं होतं. या वेळी एकही बाक वाजलं नाही.

व्याकरण रुक्ष असतं म्हणणाऱ्यांनी माझ्या वर्गात येऊन बसावं. भाषणं होतच राहणार, खुशाल होऊ देत. ही पोरं आता टाळीआधी विचारतील, “आपण म्हणजे कोण?”