कोरियन सिनेमा आणि लाल बटण

१९९४, मे महिन्यातला शुक्रवार. काम: सासूबाईंसाठी कॅसेट भरणे.

सासूबाई सांगलीत, आम्ही बहरीनमध्ये. त्यांना पत्र वाचताना दिसत नसे, म्हणून आम्ही टेपरेकॉर्डरपुढे बोलायचो आणि कॅसेट कुणा जाणाऱ्याच्या हाती द्यायचो. त्या दिवशी "इथे हवा गरम, आम्ही मजेत" इथपर्यंत मी आले आणि मुग्धाला पुढे ढकललं.

"हाय आजी, आय ॲम फाइन."

खलास! सतरा वर्षांच्या मुलीला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. जूनच्या अखेरीस ती कॉलेजसाठी आजीकडे जाणार होती. त्यावर आम्ही दोघी अवाक्षर काढत नव्हतो. (सामानाची यादी तेवढी तीनदा केली होती.)

हे शिफ्टवर होते. मी उम्म अल हस्सम भागातल्या दुकानातून आणलेली व्हिडिओ कॅसेट लावली. दुकानदाराने 'फॅमिली कॉमेडी' म्हणून दिलेली, निघाली कोरियन! खाली अरबी अक्षरं. पडद्यावर एक आई आणि मुलगी कोबीच्या ढिगाशी बसून भांडत होत्या.

"मम्मी, व्हॉट इज शी सेइंग?"

"'पसारा कोण आवरणार, तुझा बाप?'"

मुग्धा हसली आणि चक्क मराठीत सुरू झाली. "'सारखी कटकट! मी जातेच घर सोडून!'"

"'जा! माझं खेटर अडलंय तुझ्यावाचून!'"

"'परत तोंड दाखवणार नाही!'"

पडद्यावर भांडं फेकलं गेलं. मी हाताशी होतं ते झाकण आपटलं. शेवटी मुलगी बसमध्ये चढली, आई थांब्यावर उभी राहिली. मी म्हटलं, "'जाऊ नकोस गं.'"

"मम्मी," मुग्धा म्हणाली, "तिचे ओठ हलत नाहीयेत."

मी चहा टाकायला उठले.

टेपरेकॉर्डर बंद करायचा राहिला होता, हे पंधरा दिवसांनी सांगलीहून फोन आला तेव्हा कळलं.

"सूनबाई, पोरीला घराबाहेर काढतेस? भांडी फेकतेस?"

"आई, तो सिनेमा होता! कोरियन!"

"कोरियन लोक खेटर म्हणतात?"

मी फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिले.

"शेजारच्या काकू तर रडल्या ऐकून." (माझी कॅसेट गल्लीभर ऐकत!) "पोरीला आधी इकडे पाठव. आणि ते शेवटी 'जाऊ नकोस' कोण म्हणालं?"

"हॅलो? आई, ऐकू येत नाही!" म्हणत मी फोन ठेवला. (छान ऐकू येत होतं.)

आईच्या शब्दाबाहेर नसलेल्या ह्यांनी मुग्धाचं तिकीट तीन आठवडे अलीकडचं करून आणलं. माझ्या तोंडामुळे माझेच तीन आठवडे गेले!

मुहर्रकला विमानतळावर मी विचारलं, "पासपोर्ट? डबा? स्वेटर?" (जूनमध्ये, सांगलीत!) मुग्धा माझ्या ओठांकडे बघत उभी राहिली.

"यल्ला, चल," मी म्हटलं, "रांग वाढतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कामावर गेले. मी टेपरेकॉर्डर पुढे ओढला, बटण दाबलं आणि बोलले. जाऊ नकोस कोण म्हणालं होतं ते, घर किती मोठं वाटतंय ते, सगळं. पाऊण तास, ओठ हलवून, नाक पुसत. मग ऐकायला कॅसेट मागे फिरवली. कोरी! रेकॉर्डिंगचं लाल बटण मी दाबलंच नव्हतं.

आता दाबलं. घसा साफ केला.

"आई, इथे हवा गरम. आम्ही मजेत."