नीलावैनींचा पाखऱ्या

पुतण्याचा फोन आला तेव्हा मी नुकतीच अंघोळ करून विभूती लावत होते. "आत्या, आई गेली. झोपेतच," एवढंच तो बोलला. नव्वदी ओलांडलेलं माणूस, कधीतरी जाणारच… तरी मी कितीतरी वेळ भस्माचं बोट तसंच धरून बसले.

नीलावैनी माझ्या थोरल्या भावाची बायको. आमच्या अणदूरच्या घरात आल्या तेव्हा त्या सोळाच्या, मी चौदाची. माहेर आळंदकडचं, बोलणं निम्मं कानडी. सासूपुढं तोंड उघडायच्या नाहीत. घरानं त्यांचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकला तो एका कुत्र्यापायी.

निजामाचं राज्य होतं ते. दादाला सशाच्या शिकारीचा नाद. त्यानं कुठूनसं कारवानी जातीचं पिल्लू आणलं… लांब पाय, खपाटीला गेलेलं पोट. नाव ठेवलं पाखऱ्या. वर्षाचा झाल्यावर पहिल्यांदा शिकारीला नेला, तर सशामागं पळता पळता बांधावरच कोसळला. दादानं खांद्यावर टाकून घरी आणला तेव्हा जीभ निळी पडली होती. हे काही कामाचं नाही, कुणाला तरी देऊन टाकू, असं दादा म्हणाला. तेव्हा चुलीपाशी बसलेल्या वैनी म्हणाल्या, "राहू द्या. म्या बघते."

पुढच्या आठवड्यात सालोत्री, म्हणजे गुरांचे डॉक्टर, बैलांना लस टोचायला गावात आले. वैनींनी मला पाठवून त्यांना घरी बोलावून घेतलं. त्या भल्या माणसानं पाखऱ्याच्या बरगडीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि मग नळी वैनींच्या कानाला दिली. मोट वर येताना शिवणीतून पाणी फिसफिसतं ना, तसा आवाज, असं वैनींनी मला नंतर सांगितलं. काळजाची झडप नीट मिटत नाही, यावर औषध नाही, असं म्हणून जाताना सालोत्री दारात थांबले. "बेटी, ये दौडने का कुत्ता है. पन इसकू दौडने नक्को देव."

वैनींनी ते वाक्य पदराला बांधलं. ऊन चढायच्या आत त्या त्याला पांदीच्या वाटेनं फिरवून आणत, तेही पावलं मोजल्यासारखं. तो ओढायला लागला की हळू आवाजात म्हणत, "निधान, निधान." कानडीत निधान म्हणजे हळू. दुधात कुस्करलेली भाकरी तीनदा थोडी थोडी, मिठाचा कण नाही. उन्हाळ्यात अंगाखाली ओलं गोणपाट. तो झोपला की बोटांवर त्याचे श्वास मोजत, आणि श्वास वाढलेले असले की त्या दिवशी फिरणं बंद. आई म्हणायची, पोटच्या पोरालाही कुणी एवढं जपत नाही. वैनी हसून कामाला लागत.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. रझाकारांच्या भीतीनं माणसं सोलापूरकडं हद्दीपल्याड निघाली, आम्हीही निघालो. एकच गाडी. धान्य, भांडी, म्हातारी माणसं… दादा म्हणाला, कुत्रं गाडीमागं पळेल, नाहीतर इथंच राहील. वैनी गाडीतून उतरल्या, पाखऱ्याला उचलून आपल्या जागेवर ठेवलं आणि चालायला लागल्या. मुक्कामाला पोचलो तेव्हा त्यांच्या टाचा फुटल्या होत्या. दादानं पाणी तापवून आणून दिलं, तेही सगळ्यांदेखत. दुसऱ्या दिवशी दादा चालला आणि वैनी पाखऱ्याला मांडीवर घेऊन गाडीत बसल्या.

निजामाचं राज्य गेलं, आम्ही परत आलो. त्या हिवाळ्यात आम्ही तिघं आणि पाखऱ्या शेतात होतो. हरभऱ्यातून ससा उठला. वैनींच्या हातातली दोरी सुटली आणि पाखऱ्या निघाला. काय पळाला… मी आजवर तसं काही पाहिलं नाही. जमिनीला पाय लागतायत की नाही ते कळत नव्हतं. ससा निसटला. पाखऱ्या परत आला, वैनींच्या पायाशी बसला आणि दिवस कलायच्या आत गेला.

बांधाकडेला खड्डा खणताना दादानं विचारलं, "हाक का मारली न्हाईस? तुझ्या एका शब्दानं थांबला असता."

वैनी म्हणाल्या, "तोंड उघडलं हुतं. पर त्याचं पळणं बघितलं अन् हाक आतच राहिली."

दादा पुन्हा कधी शिकारीला गेला नाही. पुढं कित्येक वर्षांनी मी वैनींना विचारलं, दोरी सुटली होती की सोडली होती? त्या म्हणाल्या, "मलाबी ठावं न्हाय, वन्सं."

गेल्या पंधरवड्यात अणदूरला जाऊन आले. आमच्या ओट्याची पायरी उंच. पाखऱ्याला उडी मारावी लागू नये म्हणून वैनींनी शेतातला एक सपाट दगड लोटत आणून तिच्यापुढं टाकला होता. नंतर घर नवं बांधलं तेव्हा गवंडी तो काढायला निघाला, तर वैनींनी काढू दिला नाही. मधोमध झिजून त्याला खळगा पडलाय. पुतण्या हात द्यायला पुढं आला. मी त्याला राहू दे म्हटलं, दगडावर पाय ठेवला आणि हळूहळू वर चढले.