रंगरावांच्या बारा काड्यापेट्या

वीज मंडळातले निवृत्त कारकून म्हणून रंगरावांना तंजावरात फारसं कोणी ओळखत नसे. ओळखत ते सांबाराची गोष्ट सांगणारे म्हणून. सांबार आपल्या मराठी राजाच्या मुदपाकखान्यात कसं जन्माला आलं, हे ते मुंजीत सांगत, बारशात सांगत, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरनं तोंडात चिमटा घातलेला असतानाही त्यांनी ते सांगितलं होतं.

गेल्या वर्षी त्यांचा मेहुणा सांबशिव पापनाशमहून आला आणि भर पंगतीत म्हणाला, "भावोजी, तुम्ही खुर्चीतून उठत नाहीं. वनखात्याच्या जंगलांत बारा महिने, बारा फेऱ्या करून दाखवा. नाहीं जमलें तर ही गोष्ट पुन्हा काढूं नका."

सारी पंगत मोठ्या आशेनं रंगरावांकडे बघू लागली. त्या आशेचाच त्यांना राग आला आणि त्यांनी पैज घेतली.

जंगल शहराबाहेर, चांगलं मोठं. आत पायवाटा, सायकलींचा रस्ता, पक्षी बघायला मनोरा, आणि वर्षभर सगळ्यांना मोकळं. दर महिन्याला फाटकावर कार्डावर शिक्का मिळे. बारा शिक्के झाले की फाटकावरच्या पाटीवर नाव. फक्त आत जाळ करायचा नाही, केला तर कार्ड रद्द.

नेमकी इथेच अडचण होती. गार सांबार रंगरावांच्या घशाखाली उतरत नसे. मग बायकोच्या, वत्सलाबाईंच्या गाताना सूर धरायच्या श्रुतिपेटीच्या खोळीत एक चिमुकला स्पिरिटचा स्टोव्ह बसवण्यात आला. फाटकावरची रखवालदार अखिला प्लास्टिक शोधायला पिशव्या उपसायची, पण खोळीला हात लावत नसे. तिच्यासमोर काय बोलायचं ते दोघं मराठीत बोलत. तंजावरच्या आपल्या लोकांची ही जुनी सोय. दुकानदारासमोर, पाहुण्यांसमोर, खुद्द व्याह्यांसमोर मराठीत हवं ते बोलावं, समोरच्याला पत्ता लागत नाही.

"चूल खोळींत आहे ना? काड्यापेटी कोठें ठेवलीस?" रंगराव हसऱ्या चेहऱ्यानं विचारत.

"लोणच्याच्या डब्यामागें," वत्सलाबाई म्हणत.

"ही फाटकावरची हिडिंबा बघ, पिशवींत कशी शिरते आहे." आणि अखिलाला तमिळमध्ये अगदी आदरानं, "वणक्कम अम्मा."

शिक्का मिळे. दोघं मनोऱ्यापर्यंत चालत, झाडाखाली सतरंजी पसरत, आणि काड्यापेटी सापडत नसे. मेच्या उन्हात नाही, ऐप्पसी महिन्याच्या पावसात नाही, मार्गळी महिन्याच्या धुक्यात नाही. दर महिन्याला रंगराव वत्सलाबाईंना वेंधळी म्हणत आणि गार सांबारभात गिळत. चालून चालून त्यांची ढेरी दोन बोटं उतरली, मोराची आणि भारद्वाजाची हाक ओळखू येऊ लागली, पण हे सुख त्यांना दिसतच नव्हतं. त्यांना वाफ हवी होती.

बाराव्या महिन्यात ते तयारीनं आले. अखिलानं पिशवी उपसली, कार्ड घेतलं, शिक्का शाईत बुडवला. अकरा शिक्क्यांशेजारी एकच चौकोन रिकामा होता.

रंगरावांना राहवलं नाही. "वत्सला, आज काड्यापेटी पिशवींत नाहीं, मीं कंबरेला खोवली आहे. ह्या हिडिंबेच्या बापालाही कळणार नाहीं."

शिक्का कार्डाच्या वर थांबला.

"मामा," अखिला शांतपणे मराठीत म्हणाली, "कंबरेची ती पण इकडे द्या."

रंगरावांना कळून चुकलं. पाटीवरचं नाव गेलं, पैज गेली, गोष्ट गेली. आता उरलेलं आयुष्य मुकाट्यानं जेवायचं. त्यांनी काड्यापेटी काढून दिली.

अखिलानं टेबलाचा खण ओढला. आत अकरा काड्यापेट्या ओळीनं मांडलेल्या होत्या. तिनं बारावी शेजारी ठेवली.

"जाळ झालाच नाहीं, मग कार्ड कसें रद्द करूं?" असं म्हणत तिनं शिक्का हाणला.

"अकरा महिने मज वेंधळी म्हणालेंत," वत्सलाबाई नवऱ्याला म्हणाल्या. त्यांच्या आवाजात इतका आनंद होता, की लग्नातसुद्धा नव्हता.

"तुला सगळें कळत होतें, तर बोलली का नाहींस?" रंगरावांनी अखिलाला विचारलं.

"बोललें असतें तर तुम्ही उगे बसला असतां." अखिला शिक्का पुसत म्हणाली. "मी ओरत्तनाडुची. मराठी बोलणारी अम्मा गेली त्याला सहा वर्षें झालीं. घरांत सगळे तमिळ, मुलीला समजतें पण बोलत नाहीं. तुम्ही महिन्याच्या पहिल्या रविवारीं येतां म्हणून मी त्या दिवशीं सुट्टी घेत नाहीं. हिडिंबा तर हिडिंबा."

रंगरावांना इतकी लाज वाटली आणि इतकं भरून आलं, की त्यांनी दोन्ही लपवायला सांबाराचा डबा पुढे केला.

फाटकाबाहेर अखिलाची खोली होती आणि तिथे विजेची शेगडी होती. वर्षभरात पहिल्यांदा सांबाराला वाफ आली. रंगरावांनी घसा साफ केला. "हें सांबार आहे ना—"

"माहीत आहे," अखिला पातेलं ढवळत म्हणाली. "अम्मा सांगायची. राजाकडे त्या दिवशीं कोकम संपलें होतें..."

ती सांगत गेली. तिच्या अम्माच्या गोष्टीत आचारी वेगळा होता, डाळ वेगळी होती, आणि राजा तर साफ चुकीचा होता. रंगरावांचं तोंड दोनदा उघडलं. दोन्ही वेळा त्यांनी त्यात भाताचा घास घातला आणि गोष्ट शेवटपर्यंत ऐकली.