शिलाचा डावा हात

साखऱ्याजवळच्या तांड्यावर होळी आली की फुलसिंग राठोडला घरातून बोलावून नेत. लेंगीची गाणी म्हणणाऱ्यांचे गळे बसायचे, थाळी वाजवणारा दमून दुसऱ्याच्या हाती थाळी द्यायचा, पण फुलसिंगचा नगारा थांबत नसे. पन्नाशीच्या आतच त्यानं तो सोडला. "खांदा दुखून राहिलाय," एवढंच सांगितलं. लोकांनी ते मानलं. मग तो, त्याची तीन एकर तूर-सोयाबीन आणि दोन म्हशी.

त्याची पोरगी शिला हिंगोलीत रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. संभाजीनगरला शिकताना ती ड्रम शिकली आणि तो नाद सुटला नाही. हिंगोलीजवळच्या गोरेगावात मोबाईल दुरुस्त करणारा प्रमोद गिटार वाजवत गायचा, त्याचा मावसभाऊ बेस गिटार सांभाळायचा, आणि मागं शिला. त्यांच्या संगीताला मेटल म्हणतात. फुलसिंगनं ते एकदा मोबाईलवर ऐकलं होतं.

"हे गाणं हाय का भांडण?"

"दोन्ही हाय, बा," शिला हसून म्हणाली होती.

नांदेडला, संभाजीनगरला, एकदा पुण्याला त्यांनी वाजवलं. हिंगोलीत मात्र कुणी बोलावत नव्हतं. शेवटी जानेवारीत स्टेशन रस्त्यावरच्या कॅरम क्लबनं आपला वरचा हॉल दिला. शिलानं फोन केला, "बा, आपल्या जिल्ह्यात पहिल्यांदा वाजवून राहिले. तुला यावंच लागतं." त्याची बायको रुक्माबाई म्हशींसाठी घरी थांबली. फुलसिंग धुतलेला सदरा घालून जीपनं हिंगोलीला आला.

हॉल लहान. कॅरमचे बोर्ड भिंतीला उभे करून ठेवलेले, माणसं साठ-सत्तर, बहुतेक पंचविशीच्या आतली, काळ्या टी-शर्टातली. एकानं त्याला कानात घालायला कापूस दिला, तो त्यानं खिशात टाकला. पहिला ठोका पडला तेव्हा सदऱ्याच्या गुंड्या थरथरल्यासारख्या वाटल्या. प्रमोद नरडं फाडून काय म्हणतोय ते त्याला कळेना. पण शिलाचं त्याला सगळं कळत होतं. दोन्ही पाय वेगळे चाललेत, हात वेगळे चाललेत, आणि चारही बराबर एका जागी येऊन मिळतात. दुसऱ्या गाण्याला त्याच्या पायाचा अंगठा चपलेत हलू लागला. हे आपण हिला शिकवलं नाही, तरी हिला आलंय, या विचारानं त्याचा ऊर भरून आला.

चौथ्या गाण्यात तिच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं तळव्यात वळली.

काठी तिरकी झाली. एक ठोका चुकला, तो तिनं उजव्या हातानं सावरून घेतला. समोर नाचणाऱ्यांपैकी कुणाला काही कळलं नाही. फुलसिंग मात्र भिंतीला टेकला. तीच दोन बोटं, तोच हात. त्याचंही असंच सुरू झालं होतं. धार काढताना हात चांगला, विळा धरताना चांगला. नगाऱ्याची टिपरी हातात घेतली की बोटं कुणी दोरीनं ओढल्यासारखी आत वळायची. खांद्याला कधी काही झालंच नव्हतं. वाजवणाऱ्या माणसाची बोटं ऐकत नाहीत हे सांगायची त्याला लाज वाटली, म्हणून त्यानं रुक्माबाईलाही सांगितलं नाही.

गाणं संपलं. शिलानं खिशातून चिकटपट्टीचं रीळ काढलं आणि काठी बोटांसकट गुंडाळून घेतली. सवयीच्या हातानं, न बघता.

म्हणजे तिला माहीत होतं. पट्टी ती घरूनच घेऊन आली होती.

"शिला, थांब!" तो ओरडला. त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही. तो पुढं सरकू लागला, पण उड्या मारणाऱ्या पोरांनी त्याला खांद्यांनी परत भिंतीशी आणलं. एकानं त्याच्या गळ्यात हात टाकला, "काका, एक नंबर!" शेवटच्या गाण्यात पट्टी सुटली आणि काठी उडून माणसांत पडली. तिनं ती मुद्दाम फेकली असं समजून हॉल शिट्ट्यांनी दणाणला. दोघं काठीसाठी झोंबू लागले. शिलानं उरलेलं गाणं एका हातावर आणि दोन पायांवर संपवलं.

जिन्यात ती घामानं निथळत त्याच्याजवळ आली.

"कसं वाटलं, बा?"

"कधीपासून होऊन राहिलंय हे?"

"काय?"

"डाव्या हाताचं."

"घामानं निसटली रे काठी."

त्यानं तिच्या हातातली दुसरी काठी घेतली, डाव्या हातात धरली आणि कठड्यावर दोन-तीनदा मारली. त्याची बोटं वळली. शिला बघत राहिली.

"तू तर खांदा म्हणाला होतास."

"खोटं बोललो होतो."

"आठ महिने झाले, बा. मला वाटलं, सराव कमी पडून राहिलाय. मी रोजचे दोन तास वाढवले. काहून न्हाई सांगितलंस?"

फुलसिंगनं काठी तिच्या हातात परत दिली.

पुढच्या आठवड्यात दोघं नांदेडला मेंदू-नसांच्या डॉक्टरकडं गेले. डॉक्टरांनी दोघांचेही हात पाहिले. मेंदूकडून बोटांना जाणारा हुकूम त्या एकाच कामापुरता चुकतो, काही घरांत हा दोष पिढ्यांत उतरतो. इंजेक्शननं थोडे महिने आराम पडेल, पण पक्कं औषध नाही, असं त्यांनी समजावलं. फुलसिंगनं विचारलं, "हिला आधीच समजलं असतं, सराव थांबवला असता, तर?"

"नक्की सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

इंजेक्शननं बोटं वळायची थांबली, पण इतकी सैल पडली की काठी धरवेना. चार महिने प्रमोद थांबला. मग शिलानंच त्याला वाशिमचा एक ड्रमर सुचवला.

श्रावणात कॅरम क्लबात त्यांचा पुन्हा कार्यक्रम झाला. शिला गेली, मागं उभं राहून सगळा ऐकला, आणि खोलीवर येऊन तिनं बापाला फोन लावला.

"चांगला वाजवतो, बा, तो."

"तुझ्यावानी?"

"न्हाई."

फोन तसाच चालू राहिला. रुक्माबाईनं आतून विचारलं, "कोण हाय?" तेव्हा फुलसिंग म्हणाला, "शिला हाय," आणि फोन कानाला तसाच धरून बसला.